पन्नाशीनंतर सोडलेली विडी

२०२२ सालच्या दिवाळीआधीची गोष्ट. सोलापुरातल्या एका यंत्रमाग कारखान्याच्या दारापुढे आम्ही बोनसच्या प्रश्नावर बोलत होतो. सभा रंगात आली होती आणि आम्हीही रंगात होतो. एका लांब वाक्याच्या मध्यावर आमचा श्वास संपला. पुढचा शब्द ओठांवर होता, पण तो बाहेर ढकलायला छातीत हवा नव्हती. श्रोत्यांना वाटले, अण्णांचा कंठ दाटून आला. टाळ्यांचा कडकडाट झाला. इतक्या टाळ्या आमच्या कोणत्याही युक्तिवादाला त्यापूर्वी मिळाल्या नव्हत्या, हेही येथे कबूल करून टाकतो.

त्या वेळी आमचे वय बावन्न होते. सतराव्या वर्षी एका कारखान्याच्या दाराशी कोणीतरी पहिली विडी हातात दिली, तेव्हापासून पस्तीस वर्षे ती सुटली नव्हती. सभेनंतर सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी एका नळीत जोराने फुंकायला लावले आणि कागद पाहून म्हणाल्या, "तुमच्या वयाच्या माणसाने शंभर फुंकावे तिथे तुम्ही चौसष्ट फुंकता." आम्ही विचारले, "आता या वयात सोडून काय उपयोग?" हा प्रश्न आमचा एकट्याचा नाही. या सभागृहात बसलेल्या अनेकांच्या मनात तोच असेल, म्हणून आधी त्याचाच समाचार घेऊ.

इंग्लंडात रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी १९५१ साली एक मोठे काम हाती घेतले. त्यांनी चौतीस हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांना त्यांच्या धूम्रपानाच्या सवयी विचारल्या आणि पुढे कोण कधी व कशाने मरते याची नोंद ठेवली. ही नोंद तब्बल पन्नास वर्षे चालली. डॉल स्वतः सिगारेट ओढीत, पण पुरावा हाती येऊ लागताच त्यांनी ती सोडली. २००४ साली पन्नास वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला, तो असा : आयुष्यभर सिगारेट ओढणारा माणूस न ओढणाऱ्यापेक्षा सरासरीने दहा वर्षे आधी जातो. तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला ही जवळजवळ सर्व दहा वर्षे परत मिळतात, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा, आणि साठाव्या वर्षी सोडली तरी तीन.

कोणी म्हणेल, हे गोऱ्या डॉक्टरांचे आणि सिगारेटचे झाले, आमची तर साधी विडी. विडीत तंबाखू थोडी आणि वर झाडाचे पान, म्हणून ती सौम्य, अशी आमचीही समजूत होती. ती खोटी आहे. तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही. विडी विझू नये म्हणून पुन्हा पुन्हा आणि जोराने ओढावी लागते, आणि तंबाखू कमी असूनही धूर छातीत अधिक खोल जातो. आपल्याच देशात झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे सहा वर्षांनी आणि स्त्रियांचे सुमारे आठ वर्षांनी कमी भरले.

मात्र खोटी आशा दाखवणे आमच्या धंद्यात पाप समजतात. फुप्फुसाची गेलेली शक्ती विडी सोडल्याने बहुतांशी परत येत नाही. आमचे चौसष्ट काही शंभर होणार नाहीत. परंतु घसरणीचा वेग मंदावतो, आणि सोडल्यापासून वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो. मजुरी वाढली नाही तरी कपात थांबली, तर कामगार त्याला विजय समजतोच.

आता सोडायची कशी? पस्तीस वर्षांत आम्ही ती सहा वेळा सोडली होती. एकदा मुलीच्या जन्माला, एकदा गणपतीसमोर, बाकीच्या वेळा नुसत्याच रागाने. सर्वांत लांब टिकली ती अकरा दिवस. प्रत्येक वेळी एकट्याने आणि गुपचूप सोडली, कारण जमले नाही तर कोणाला कळू नये. कोणाला कळू नये अशी सोय करून ठेवल्यावर पुन्हा ओढायला अडचण ती कसली राहणार?

तंबाखूतले निकोटिन धूर ओढल्यापासून काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. शिरेत टोचलेल्या सुईलाही इतकी घाई नसते. मेंदूला या रतिबाची सवय लागते आणि रतीब चुकला की तो ओरडू लागतो. चिडचिड होते, झोप उडते, लक्ष लागत नाही, भूक वाढते, मन उदास होते. पहिले तीन-चार दिवस फार कठीण जातात आणि तीन-चार आठवड्यांत हा गोंधळ बराचसा शमतो. शरीराचा संप एवढाच. पण विडी केवळ शरीरात नसते. ती चहाच्या पेल्यात असते, काडेपेटीच्या आवाजात असते, आणि आमच्यासारख्याच्या बाबतीत ती माणसांच्या मधोमध असते. अनोळखी कामगाराशी बोलायला सुरुवात कशी करायची, तर "काडी आहे का?" असे विचारून. युनियनची निम्मी सभासद-नोंदणी आम्ही काडी मागून केली आहे.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे डॉक्टरमंडळींचे फारसे लक्ष जात नाही. सूत पेटते म्हणून यंत्रमागाच्या कारखान्यात आत विडी ओढू देत नाहीत. ओढणारा पाच मिनिटे बाहेर जातो आणि मालकही त्याला सहसा काही म्हणत नाही. न ओढणाऱ्याने मात्र नुसते बाहेर उभे राहायचे म्हटले, तर लगेच विचारणा होते. म्हणजे मागांच्या खडखडाटात बारा-बारा तास काढणाऱ्या माणसाला जी काय विश्रांती मिळते, ती विडीच्या नावावर मिळते. विडी सोडली की विश्रांतीही गेली! अशा माणसाला "निश्चय कर" म्हणून सांगणे सोपे असते. आम्ही जेव्हा पुन्हा सोडायचे ठरवले, तेव्हा पहिला नियम हाच केला, की विडीच्या वेळेला बाहेर जायचेच, फक्त विडी न घेता. त्याबद्दल एका कारखान्यात थोडी बोलाचालीही झाली. विश्रांती ही माणसाला हवी असते, विडीला नव्हे, एवढे समजावून सांगायला दोन बैठका लागल्या.

या वेळी आम्ही चौघे होतो. एक अठ्ठावन्न वर्षांचे विणकर, एक निवृत्त एस. टी. कंडक्टर, एक चहाच्या गाडीवाले आणि आम्ही. १ डिसेंबर ही तारीख ठरली. आदल्या रात्री उरलेली बंडले आणि काड्यापेट्या युनियनच्या कचेरीत जमा केल्या. रोज संध्याकाळी सात वाजता अर्धा तास बसायचे. ज्याने दिवसात विडी ओढली असेल त्याने सांगायचे, आणि बाकीच्यांनी त्याला बोल लावायचा नाही. शपथा मुळीच नकोत, असे कंडक्टरसाहेबांचे म्हणणे पडले. शपथ मोडली की माणूस तोंड चुकवतो, आणि तोंड चुकवले की गेला. हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते.

पुढे आम्ही वाचनालयात बसून याविषयी जमेल तसे वाचले, तेव्हा कळले की याचाही अभ्यास झालेला आहे. गटात बसून सोडणाऱ्यांचे यश, नुसती माहितीपत्रके वाचून एकट्याने सोडणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट असते, असे अनेक प्रयोग एकत्र तपासून दिसले आहे. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावाच्या प्रसिद्ध पाहणीतील बारा हजार माणसांची तीस वर्षांची कागदपत्रे चाळून २००८ साली दोन संशोधकांनी दाखवले, की पतिपत्नींपैकी एकाने सोडले तर दुसऱ्याने धूम्रपान करीत राहण्याचा संभव ६७ टक्क्यांनी घटतो, मित्राने सोडले तर ३६ टक्क्यांनी, आणि लहान कारखान्यात वा कचेरीत बरोबरीच्या सहकाऱ्याने सोडले तर ३४ टक्क्यांनी. हा शेवटचा आकडा वाचून आम्हांला जो आनंद झाला तो लपवत नाही. सख्ख्या भावा-बहिणीने सोडल्याचा परिणाम त्याहून कमी, २५ टक्केच, भरला आहे.

पहिल्या आठवड्याचे वर्णन करीत नाही. चौघांच्या घरच्यांना ते पाठ आहे. फक्त एक उपयोगाची गोष्ट सांगतो. तंबाखूच्या धुरामुळे शरीर चहा-कॉफीतले कॅफिन लवकर निकालात काढत असते. धूर बंद झाला की तोच चहा अंगात अधिक वेळ रेंगाळतो. आम्ही विडीची जागा चहाने भरली, दिवसाला दहा-दहा पेले, आणि मग हात कापतात, झोप येत नाही म्हणून विडीला दोष देत बसलो. चहा निम्मा केल्यावर झोप आली. चहाच्या गाडीवाल्यांनी हा शोध काहीशा नाराजीनेच मान्य केला. पहिले काही दिवस खोकलाही वाढला होता. छाती आपली साफसफाई करीत असते, त्याला घाबरू नये. खोकला महिन्याभरात थांबला नाही किंवा थुंकीत रक्त दिसले, तर मात्र तडक दवाखाना गाठावा. वजन चार-पाच किलो वाढते, ते वाढू द्यावे.

विणकरमंडळींच्या मदतीला निकोटिनच्या चघळण्याच्या गोळ्या आल्या. त्या औषधाच्या दुकानात मिळतात. पण त्या पेपरमिंटसारख्या सतत चावायच्या नसतात. थोडे चावायचे, तोंडात झणझण सुरू झाली की गालात धरून ठेवायचे, झणझण थांबली की पुन्हा चावायचे. हे ठाऊक नसल्याने पुष्कळांना उचकी लागते आणि ते गोळीच टाकून देतात. याखेरीज डॉक्टरांनी लिहून द्यायची औषधेही आहेत. सोबतीने भागते म्हणून औषध नाकारण्यात शौर्य नाही. आणि ज्याला चौघेही मिळत नाहीत त्याच्यासाठी सरकारने २०१६ पासून फोनची सोय केली आहे. १८००-११२-३५६ हा क्रमांक विनाखर्चाचा आहे आणि विडीच्या बंडलावरच छापलेला असतो. विडी ओढणाऱ्याने आयुष्यात न वाचलेला मजकूर तेवढाच असेल!

तीन आठवड्यांनी आमच्यातला एक पडला. कंडक्टरसाहेबांची बहीण वारली. दहाव्याच्या दिवशी नदीवर कोणीतरी सहानुभूतीने विडी पुढे केली, आणि संध्याकाळपर्यंत बंडल संपले. पुढचे दोन दिवस ते बैठकीला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आम्ही तिघे त्यांच्या घरी गेलो. विडीचा विषय काढला नाही, बहिणीविषयीच बोललो. उठताना तेच म्हणाले, "उद्या सातला येतो." सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांना एकाहून अधिक वेळा सोडावी लागते. पहिल्या घसरणीला पराभव समजले तर दुसरा प्रयत्न होतच नाही.

दुसरी फसगत अधिक धूर्त होती. आमच्यातल्या एकाचा चेहरा महिनाभर फारच शांत दिसे. पुढे कळले, की विडी सुटली ती तंबाखू-चुन्यावर. धूर गेला, निकोटिन राहिले, आणि छातीऐवजी तोंडाच्या कर्करोगाची सोय झाली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील प्रौढांपैकी १०.७ टक्के लोक धूम्रपान करणारे आढळले, तर २१.४ टक्के लोक तंबाखू चघळणारे वा मिसरीसारख्या रूपात वापरणारे. आपल्याकडे म्हणूनच विडी सोडली एवढे विचारून भागत नाही. तोंड उघडून दाखवा, असेही म्हणावे लागते. ते आम्ही म्हटले, आणि ते गृहस्थ आठ दिवस आमच्याशी बोलले नाहीत.

घरच्यांविषयी थोडे. "सोडणार म्हणाला होतात ना?" या वाक्याने आजवर कोणाची विडी सुटल्याचे आमच्या पाहण्यात नाही. आमच्या घरी पहिल्या पंधरवड्यात एवढेच झाले, की जेवण झाल्याबरोबर पत्नी चपला घालून दारात उभी राही, आणि आम्ही दोघे कोपऱ्यावरच्या वडापर्यंत जाऊन येत असू. जेवणानंतरची विडी सर्वांत जिवावरची असते. तिने त्याबद्दल एक शब्द काढला नाही. तीस वर्षांच्या संसारात आम्ही असे कधी फिरलो नव्हतो.

आता जी गोष्ट टाळावीशी वाटते ती सांगतो. आमची युनियन यंत्रमाग कामगारांबरोबर विडी वळणाऱ्या बायकांचेही काम करते. या शहरात हजारो घरांच्या चुली विडीवर पेटतात. मांडीवर सूप घेऊन, मान मोडून, हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी मिळवणाऱ्या या बायका. आमच्या चौघांची गोष्ट कळल्यावर एका बैठकीत एक बाई उठून म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही विडी सोडली, चांगलं केलंत. सगळ्यांनी सोडली तर आम्ही काय वळायचं?" बैठक हसली, पण त्या हसल्या नव्हत्या.

आमच्याजवळ पुरे उत्तर नव्हते आणि आजही नाही. एवढे मात्र आम्ही त्यांना सांगितले, की तंबाखूची पूड तुमच्याही छातीत जाते, आणि तुमच्या धंद्याला उतरती कळा लागेल ती आमच्या चौघांमुळे लागणार नाही. ती लागण्याआधी तुम्हांला दुसरे काम आणि तोवर पुरी मजुरी मिळाली पाहिजे. ही मागणी ज्याने विडी सोडली त्यानेच अधिक जोराने केली पाहिजे, कारण त्याच्या अंगी आता थोडा श्वास आहे. त्या म्हणाल्या, "मग मोर्चात पुढं चाला." त्या मोर्चात आम्ही पार्क मैदानापासून कलेक्टर कचेरीपर्यंत घोषणा देत गेलो आणि मध्ये कोठेही थांबावे लागले नाही.

सातची बैठक अजून चालते, आता आठवड्यातून एकदा, दर सोमवारी. चौघांचे अकरा झाले आहेत. कंडक्टरसाहेब दोनदा घसरले आणि दोन्ही वेळा परत आले. गेल्या महिन्यात त्या बाईंनी आपल्या नवऱ्याला हाताला धरून आणून बसवले, आणि स्वतः बाहेर ओट्यावर सूप मांडून विड्या वळीत बसल्या.