दहा तुकड्यांवरून मंडळाचे पीक
अनुमानाचे संख्याशास्त्र समजून घेताना

वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात संख्याशास्त्राचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. पहिला वर्णनाचा. हाती आलेल्या आकड्यांची सरासरी काढायची, मध्यगा काढायची, आकडे किती विखुरले आहेत ते प्रमाण विचलनाने सांगायचे. दुसरा भाग अनुमानाचा. थोडे पाहायचे आणि त्यावरून सगळ्यांबद्दल बोलायचे. पहिला भाग विद्यार्थ्यांना सहसा जमतो. दुसऱ्या भागात सूत्र पाठ होते, तक्ता बघता येतो, ‘शून्य गृहीतक नाकारता येत नाही’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत नेमके लिहिले जाते. पण या वाक्याचा अर्थ काय, असे विचारले की बहुतेक जण गप्प होतात.

याचे एक कारण उदाहरणांत आहे. विजेचे दिवे किती तास चालतात, यंत्रातून पडणारे खिळे किती लांबीचे असतात, अशा गणितांत निष्कर्ष चुकला तरी कोणाचे काही बिघडत नाही. म्हणून या लेखात एकच उदाहरण सविस्तर पाहू. ते आपल्या शिवारातले आहे आणि त्यात चूक झाली तर तिची किंमत रुपयांत मोजता येते. ते म्हणजे पीक कापणी प्रयोग आणि त्यावर ठरणारी पीक विम्याची भरपाई.

नजरेपासून नमुन्यापर्यंत

पीक किती आले हे सरकारला फार पूर्वीपासून जाणून घ्यावे लागे, कारण सारा आणि त्याची सूट त्यावर ठरे. यासाठी आणेवारी होती. सोळा आणे म्हणजे सर्वसाधारण चांगले पीक. त्या मानाने यंदाचे पीक किती आणे, हे अधिकाऱ्याने शिवार पाहून सांगायचे. आज तिची पैसेवारी झाली आहे, पण ‘नजरअंदाज पैसेवारी’ हा शब्द अजून कागदोपत्री आहे. नजर अनुभवी असली तरी तिच्यात एक अडचण राहतेच. दोन अनुभवी माणसांची नजर वेगळी पडली, तर कोणाचे बरोबर हे ठरवायला मार्ग नसतो. आपला अंदाज किती चुकू शकतो, हे नजर सांगू शकत नाही.

बिहार-ओरिसा प्रांतातील जॉन हबॅक या सनदी अधिकाऱ्याने १९२०च्या दशकात भातासाठी वेगळा मार्ग अवलंबला. शेते आपल्या पसंतीने न निवडता यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची, त्यांतला छोटा तुकडा कापायचा आणि धान्य तोलायचे. त्याचा अहवाल १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी बंगालमध्ये तागासाठी आणि डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेमार्फत गहू-भातासाठी ही पद्धत वाढवली.

सुखात्मे आपल्या सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. जन्म १९११चा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. तिथे त्या वेळी येर्झी नेमन शिकवत होते. नमुना निवडीच्या शास्त्राला नेमननी १९३४ मध्ये भक्कम पाया दिला आणि १९३७ मध्ये विश्वासांतराची कल्पना मांडली. आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात असलेली ही दोन प्रकरणे घडत होती, तेव्हा सुखात्मे तिथे शिकत होते.

दहा आकड्यांचे गणित

समजा, एका महसूल मंडळात सोयाबीनचे दहा कापणी प्रयोग झाले. पाच गावे चिठ्ठीने निवडली, प्रत्येक गावात दोन शेते, प्रत्येक शेतात ठरावीक मापाचा एक तुकडा. हेक्टरी उत्पादन क्विंटलमध्ये असे आले : १४, १६, ९, ८, ११, १२, १०, ७, १३, १०. (हे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत.)

बेरीज ११०, सरासरी ११. प्रत्येक आकड्याचे सरासरीपासूनचे अंतर घेऊन वर्ग केले की त्यांची बेरीज ७० येते. तिला ९ने भागून वर्गमूळ काढले की प्रमाण विचलन सुमारे २.८ क्विंटल. एक शेत दुसऱ्यापेक्षा किती वेगळे असते, याचे हे माप आहे.

आता अनुमानाचा प्रश्न येतो. चिठ्ठ्या पुन्हा टाकल्या असत्या तर दुसरे दहा तुकडे आले असते आणि सरासरी ११ ऐवजी १०.२ किंवा ११.९ आली असती. सरासरी अशी किती हलेल? प्रमाण विचलनाला नमुनासंख्येच्या वर्गमुळाने भागायचे : २.८ भागिले ३.१६, म्हणजे ०.८८. ही प्रमाण त्रुटी. ही दोन मापे विद्यार्थी सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. प्रमाण विचलन शेतांविषयी बोलते, प्रमाण त्रुटी आपल्या अंदाजाविषयी. आणखी प्रयोग केले तर प्रमाण त्रुटी घटेल. शेतांमधला फरक मात्र आहे तितकाच राहील. आणि घटही वर्गमुळाने होते : त्रुटी निम्मी करायची तर दहाचे चाळीस प्रयोग करावे लागतात. अंदाजाच्या अचूकतेला खर्च असतो, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने इथेच टिपून ठेवावे.

नमुना लहान असला की टी-तक्ता वापरतात. तो तक्ता ज्या संशोधनातून आला ते विल्यम गॉसेट यांचे. डब्लिनच्या गिनेस कंपनीत ते बिअर बनवण्याच्या कामात होते. जवाच्या आणि मद्याच्या मोजक्याच चाचण्यांवरून निर्णय घ्यावा लागे, म्हणून त्यांना हे गणित हवे होते. १९०८ मध्ये त्यांनी ते ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापले. आपल्या दहा तुकड्यांसाठी तक्त्यातला आकडा २.२६२. त्याला ०.८८ने गुणले की जवळजवळ २. म्हणून ९५ टक्के विश्वासांतर : ९ ते १३ क्विंटल.

याचा अर्थ असा. याच रीतीने शंभरदा नमुना काढून शंभर अंतरे मांडली, तर त्यांतली सुमारे पंचाण्णव अंतरे खऱ्या सरासरीला कवेत घेतील. आपल्या हातातले अंतर त्या पंचाण्णवांपैकी आहे की उरलेल्या पाचांपैकी, हे कोणीच सांगू शकत नाही. भरवसा रीतीचा आहे. एका उत्तराचा नाही.

‘सिद्ध झाले नाही’ म्हणजे काय?

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भरपाई उंबरठा उत्पादनावरून ठरते. मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेऊन तिला जोखीमस्तराने गुणतात. महाराष्ट्रात हा स्तर ७० टक्के ठेवलेला आढळतो. यंदाचे उत्पादन उंबरठ्याखाली जितके टक्के गेले, तितके टक्के विमा संरक्षित रक्कम मिळते. आपल्या मंडळाचा उंबरठा १२ क्विंटल आणि संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये धरू. सरासरी ११ आली, तूट बाराव्या हिश्श्याची, म्हणजे भरपाई सुमारे ४,१६७ रुपये.

आता परीक्षेतल्या पद्धतीने गृहीतक तपासू. शून्य गृहीतक : मंडळाचे खरे उत्पादन १२ आहे. फरक १, प्रमाण त्रुटी ०.८८, टीचे मूल्य १.१३. तक्त्यातल्या आकड्यापेक्षा ते बरेच कमी. खरे उत्पादन १२ असते, तरी केवळ चिठ्ठ्यांच्या खेळाने सरासरी ११ किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता १४ टक्क्यांच्या आसपास निघते. म्हणून शून्य गृहीतक नाकारता येत नाही. इथवर सगळे बरोबर.

पुढचे वाक्य मात्र घसरते : ‘म्हणजे उत्पादन घटले नाही.’ याच दहा आकड्यांवर ‘खरे उत्पादन १० आहे’ हे गृहीतक तपासून पाहा. फरक पुन्हा १, टी पुन्हा १.१३, आणि तेही नाकारता येत नाही. उत्पादन १२ असेल तर भरपाई शून्य. १० असेल तर ८,३३३ रुपये. पुरावा दोन्हींना सारखाच जागा देतो. नाकारता न येणे म्हणजे खरे ठरणे नव्हे. हातातला पुरावा तेवढा धारदार नाही, इतकेच ते सांगते. सिद्धतेची जबाबदारी कोणावर टाकायची हा प्रश्न तक्ता सोडवत नाही. तो धोरणाचा प्रश्न आहे. या योजनेने परीक्षण बाजूला ठेवून सरासरीचा एकच आकडा निर्णायक मानला आहे. त्या आकड्याभोवतीचे अंतर कागदावर दिसत नाही, पण असते. ९ ते १३ हे अंतर रुपयांत मांडले तर १२,५०० ते शून्य असे होते.

एकाच गावची दोन शेते

वरच्या गणितात आपण दहाही तुकडे एकमेकांपासून स्वतंत्र मानले. तसे ते नाहीत. एकाच गावातल्या दोन शेतांवर पाऊस सारखा, जमीन बरीचशी सारखी, पेरणीही मागेपुढे. आपले आकडे गावागावाने दोन-दोन वाचले तर हे दिसते : १४ आणि १६, ९ आणि ८, ११ आणि १२. दुसऱ्या शेताने फारशी नवी माहिती दिलीच नाही.

म्हणून प्रामाणिक हिशेब पाच गावांच्या सरासरींवर करावा लागतो : १५, ८.५, ११.५, ८.५, ११.५. सरासरी तीच, ११. प्रमाण त्रुटी मात्र १.२ होते, पाच आकड्यांसाठी तक्त्यातला गुणक २.७७६ आहे, आणि अंतर पसरते ७.७ ते १४.३ इतके. आकडे तेच, निवड कशी झाली हे विचारल्याबरोबर आपली खात्री बरीच कमी झाली. बाजारपेठेच्या पाहणीत एकाच सोसायटीतली वीस घरे किंवा एकाच वर्गातली पन्नास मुले घेतात, तिथेही हेच घडते. नमुना मोठा दिसतो, माहिती थोडी असते.

काट्याचा कल

आतापर्यंतची चूक चिठ्ठीची होती. कधी वर, कधी खाली जाणारी. दुसरी एक चूक नेहमी एकाच बाजूला जाते. तिला अभिनती म्हणतात. तराजूचा काटाच कललेला असला, तर शंभरदा तोलून उपयोग नसतो.

सुखात्मे आणि महालनोबीस यांच्यातला गाजलेला वाद याच मुद्द्यावर होता. महालनोबीस यांच्या पाहण्यांत लहान तुकडे कापले जात. त्यांचे म्हणणे असे, की लहान तुकड्याला खर्च कमी, त्यामुळे तितक्याच पैशात जास्त ठिकाणी पोहोचता येते. सुखात्मे यांनी वेगवेगळ्या मापांचे तुकडे कापून उत्पादनाची तुलना केली आणि अगदी लहान तुकडे उत्पादन फुगवून दाखवतात, असे १९४६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. कारण साधे होते. कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत धरण्याकडे झुकतो.

हिशेब करून पाहू. अर्धा मीटर त्रिज्येच्या वर्तुळात कड फक्त दोन सेंटिमीटर बाहेर सरकली, तर क्षेत्र ८ टक्क्यांनी वाढते. पाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळात तेवढीच चूक एक टक्काही भरत नाही. लहान तुकड्याच्या आकाराच्या मानाने कड मोठी असते, म्हणून चूक मोठी. महालनोबीस प्रशिक्षित माणसांवर भर देत आणि एकाच क्षेत्रात दोन स्वतंत्र पथकांचे नमुने घेऊन ते पडताळत. ही पडताळणी एकमेकांतला फरक पकडते. दोन्ही पथकांचे हात एकाच बाजूला झुकत असतील, तर तिलाही ते दिसत नाही.

आपल्या मंडळात अशी ८ टक्के फुगवट असेल, तर खरे उत्पादन ११ नसून १०.२ आहे, आणि भरपाई ४,१६७ ऐवजी साडेसात हजारांच्या आसपास हवी. प्रयोग दहाचे हजार केले तरी ही चूक हलणार नाही. उलट विश्वासांतर अरुंद होऊन चुकीच्या आकड्यावर विश्वास अधिक बसेल.

इथे एक बारकावा आहे. उंबरठाही मागील वर्षांच्या अशाच कापण्यांवरून निघतो. काटा दरवर्षी सारखाच कललेला असेल, तर दोन्ही आकडे सारखेच फुगतात आणि तुटीची टक्केवारी बरोबर राहते. गोंधळ होतो तो पद्धत मध्येच बदलली की : मागची सात वर्षे एका रीतीने मोजलेली आणि यंदाचे उत्पादन दुसऱ्या. उपग्रहाच्या प्रतिमांवरून उत्पादन काढण्याचे तंत्र आता येते आहे, तेव्हा हा प्रश्न पाठ्यपुस्तकापुरता राहिलेला नाही.

मंडळाचा आकडा आणि एकाचे शेत

पीक विमा क्षेत्राच्या सरासरीवर ठरवावा, ही मांडणी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये केली. प्रत्येक शेताचे नुकसान तपासणे अशक्यप्राय आणि महाग. शिवाय स्वतःचे पीक कमी दाखवण्याचा मोह टळतो. युक्तिवाद पक्का आहे. पण त्यात सात क्विंटल पिकवणारा आणि सोळा क्विंटल पिकवणारा, दोघांना सारखीच भरपाई मिळते. प्रमाण विचलन २.८ होते ते इथे माणसांच्या रूपाने भेटते. प्रयोग वाढवून मंडळाची सरासरी कितीही अचूक केली, तरी ही दरी भरत नाही. त्यासाठी मंडळ लहान करावे लागते, आणि मग प्रत्येक लहान क्षेत्रात प्रयोग अपुरे पडतात.

चुकीचा भारही सारखा वाटला जात नाही. अनेक मंडळांचा विमा घेणाऱ्या कंपनीला एका ठिकाणी जास्त गेलेले दुसरीकडे बऱ्याच अंशी भरून निघते. शेतकऱ्याला मंडळ एकच असते. चिठ्ठीने त्याच्या मंडळात दोन बरी शेते जास्त आली, तर ती चूक त्याच्या एकट्याच्या खिशात जाते.

म्हणून अनुमान शिकणाऱ्या विद्यार्थ्याने सूत्राला हात घालण्याआधी चार प्रश्न वहीत लिहावेत. नमुना कसा निवडला? त्यातले किती आकडे खरोखर स्वतंत्र आहेत? मोजण्याचा काटा कोणत्या बाजूला कलू शकतो? आणि निष्कर्ष चुकला तर तोटा कोणाचा? अधिक-उणे लिहिलेला आकडा फक्त चिठ्ठीच्या चुकीचा हिशेब देतो, आणि तोही निवड खरोखर चिठ्ठीने झाली असेल तरच. संगणक टीचे मूल्य क्षणात काढून देतो; हे चार प्रश्न त्याला विचारता येत नाहीत. ते कापणी जिथे झाली त्या बांधावर जाऊनच विचारावे लागतात.