टेस्टाटिका: हाताने एक धक्का अन् फुकट वीज? हे यंत्र चालत तरी कसं असेल?

दोन गोल चकत्या, बाजूला दोन मोठे डबे आणि हाताने दिलेला एक हलका धक्का. चकत्या फिरत राहतात, समोरचा बल्ब लख्ख पेटतो. ना इंधन, ना वायर. ‘फ्री एनर्जी’चे व्हिडिओ बघत असाल, तर हे यंत्र तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आलं असेल. याचं नाव टेस्टाटिका.

हे यंत्र कुणाचं?

स्वित्झर्लंडमधल्या लिंडेन गावातल्या ‘मेथेर्निथा’ या समुदायाचं. त्याचे संस्थापक पॉल बाउमन यांनी ते बनवलं. १९८०च्या दशकात काही पाहुण्यांना ते दाखवलं गेलं. मोठ्या यंत्रातून सुमारे ३ किलोवॅट वीज मिळते, असा दावा होता. म्हणजे दोन-तीन गिझर नाही, पण एक तरी आरामात चालेल!

शक्यता १: घर्षणाशिवायची स्थिर वीज

रचना दिसते विमशर्स्ट यंत्रासारखी. त्यात उलट दिशांना फिरणाऱ्या चकत्यांवर विद्युतभार साठत जातो आणि ठिणगी पडते. व्होल्टेज प्रचंड, पण करंट अगदी नगण्य. ५०,००० व्होल्ट गुणिले २० मायक्रोॲम्पिअर म्हणजे फक्त १ वॅट. शिवाय तीही ऊर्जा हँडल फिरवणाऱ्या हाताचीच असते.

शक्यता २: हवेतली वीज

हवेत वीज असते, हे खरं आहे. स्वच्छ हवामानात जमिनीलगत दर मीटरला साधारण १०० व्होल्टचा फरक असतो. पण एका चौरस मीटरमधून वाहणारा करंट असतो जेमतेम २ पिकोॲम्पिअर, म्हणजे एका ॲम्पिअरच्या अब्जाव्या भागाहूनही कितीतरी कमी. जमिनीपासून वरच्या वातावरणापर्यंतचा सगळा ३ लाख व्होल्टचा फरक वापरला, तरी ३ किलोवॅटसाठी सुमारे ५,००० चौरस किलोमीटर जागा लागेल. लिंडेन ज्या बर्न प्रांतात आहे, तो अख्खा प्रांतच जेमतेम ६,००० चौरस किलोमीटरचा आहे.

शक्यता ३: आत साठवलेली ऊर्जा

३ किलोवॅटचा लोड दहा मिनिटं चालवायला किती वीज लागते? फक्त अर्धा युनिट. तेवढी वीज बॅटरीत सहज मावते. टेस्टाटिकात बॅटरी होती, याचा हा पुरावा नाही. पण थोडा वेळ बल्ब पेटला, म्हणून फुकट वीज सिद्ध होत नाही, एवढं नक्की.

मग खरं-खोटं ठरवायचं कसं?

यंत्र त्रयस्थ तज्ज्ञांच्या ताब्यात द्यायचं, उघडून बघायचं, लोड लावून कित्येक दिवस सलग चालवायचं आणि मीटर बघायचा. टेस्टाटिकाची अशी खुली चाचणी कधीच झालेली नाही.

उद्या कुणी ‘वीजबिल शून्य’ म्हणत असं यंत्र विकायला आलं, तर पैसे देण्याआधी एकच विचारा: “आठवडाभर माझ्या घरी, माझ्या मीटरवर चालवून दाखवता का?”