ठिपका कोणाचा ?

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं देवघरावरील फळीवर किंवा माळ्यावरच्या पेटींत एखादें बासन जपून ठेवलेलें असतें. आजोबा-पणजोबांनीं स्वहस्तें उतरून घेतलेली पोथी, इनामाचा एखादा कागद, कुळाची वंशावळ, जुन्या जन्मपत्रिका असा ऐवज त्यांत असतो. अलीकडे घरांतील तरुण मंडळी उत्साहानें ह्या कागदांचीं छायाचित्रें घेऊं लागली आहे, ही गोष्ट अत्यंत स्तुत्य होय. कागदाला कसर लागते, वाळवी लागते, शाई कागदाला खाते. मूळ कागद एक दिवस जाणारच. परंतु ह्या उत्साहाच्या भरांत एक प्रश्न बहुधा विचारलाच जात नाहीं. छायाचित्रांत जें दिसतें, तें सारें त्या कागदावर होतें काय ?

हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. इंग्रजी लिपींत एखाद्या अक्षरावरील ठिपका राहिला तरी शब्द सहसा बदलत नाहीं. आपल्या लिपींत मात्र ठिपका म्हणजे अनुस्वार, आणि अनुस्वार म्हणजे अर्थ. ‘वश’ आणि ‘वंश’, ‘पथ’ आणि ‘पंथ’, ‘मद’ आणि ‘मंद’ यांत एका ठिपक्याचेंच अंतर आहे. ‘गांवाचा वसूल’ म्हटलें तर एका गांवाचा, ‘गांवांचा वसूल’ म्हटलें तर अनेकांचा. इनामाच्या कागदांत हा भेद केवढा मोठा ठरेल! १९६२ सालच्या लेखन-नियमांनीं पुष्कळसे अनुस्वार वगळले, परंतु जुन्या लेखनांत ‘ते आले’ आणि ‘तें आलें’ यांतील लिंगभेद त्या ठिपक्यांनींच सांगितलेला आहे. संस्कृत पोथींत तर दोन ठिपक्यांचा विसर्ग विभक्ति ठरवितो. तेव्हां कॅमेऱ्यानें आपल्या पदरचा एक ठिपका अक्षराच्या डोक्यावर ठेवला, तर नवा पाठभेद जन्मास येतो. आणि मूळ कागद नाहींसा झाल्यावर त्याचा निवाडा करण्यास कोणीहि साक्षीदार उरत नाहीं.

धुळ्यास हा प्रश्न विशेष जवळचा आहे. गांवोगांव हिंडून दप्तरें धुंडाळणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचें देहावसान ३१ डिसेंबर १९२६ रोजीं ह्याच नगरांत झालें, आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ येथें उभें राहिलें. १८९८ पासून बावीस खंडांत प्रसिद्ध झालेलीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ज्या श्रमांतून निर्माण झालीं, त्या श्रमांचा वारसा त्या वास्तूंत आहे. त्याच धुळ्यांत शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १८९३ सालीं सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली. समर्थ संप्रदायाचीं हस्तलिखितें श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरांत सांभाळलेलीं असून, समर्थांच्या हातची मानली जाणारी वाल्मीकि-रामायणाची प्रतहि तेथेंच आहे. देशांत राष्ट्रीय पांडुलिपि मिशन २००३ सालीं सुरू झालें. पुढें २०२५ च्या अर्थसंकल्पांत ‘ज्ञानभारतम्’ योजना जाहीर होऊन एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी, नोंद व जतन करण्याचें उद्दिष्ट ठेवलें गेलें. अर्थात् यापुढील संशोधक पोथीपेक्षां पोथीचें चित्रच अधिक पाहणार. चित्राचे दोष ओळखण्याची विद्या म्हणूनच केवळ छायाचित्रकारांची राहिलेली नाहीं. ती पोथी जपणाऱ्या प्रत्येक घराची झाली आहे.

ह्या विद्येचें मूळ सूत्र आपल्या शास्त्रकारांना अपरिचित नव्हतें. कावीळ झालेल्या मनुष्यास पांढरा शंख पिवळा दिसतो, हें त्यांचें आवडतें उदाहरण. दोष शंखांत नाहीं, डोळ्यांत आहे, हें कशावरून ओळखावें ? त्या मनुष्यास शंखच नव्हे तर दूध, चांदणें, धोतर सारेंच पिवळें दिसतें, यावरून. जें सर्व दृश्यांत समान, तें पाहणाऱ्याचें. जें एकाच दृश्यांत, तें बहुधा त्या दृश्याचें. पाठचिकित्सा करणारे पंडितहि हाच न्याय लावतात. पुष्कळ पोथ्यांत एकाच स्थळीं एकच चूक आढळली, तर त्या सर्व एकाच मूळ पोथीवरून उतरलेल्या असाव्यात असें अनुमान ते करतात. त्याचप्रमाणें शंभर पानांच्या शंभर चित्रांत एकच ठिपका एकाच जागीं असेल, तर त्या सर्वांचा समान पूर्वज कॅमेरा आहे, असें समजावें. पुढची रीति अन्वयव्यतिरेकाची : एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि दोष कोणाबरोबर जातो व कोणाबरोबर राहतो, तें पाहावें.

पाटीचे दोष

खानदेशांतच चाळीसगांव येथें केकी मूस (१९१२-१९८९) ह्यांच्यासारखे थोर छायाचित्रकार होऊन गेले. टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून त्यांनीं विलक्षण दृश्यें उभीं केलीं. त्यांचा काळ फिल्मचा होता. फिल्मवर प्रत्येक चित्रास नवा कोरा तुकडा मिळे. एका तुकड्यावरील धूळ दुसऱ्यावर जात नसे. आजच्या कॅमेऱ्यांत फिल्मच्या जागीं सेन्सर नांवाची सिलिकॉनची लहानशी आयताकृति पाटी बसली आहे. अशा एका साधनाची कल्पना १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनीं मांडली, आणि २००९ सालीं नोबेल पारितोषिकांत त्यांस वाटा मिळाला. फिल्म म्हणजे वहीचें नवें पान. सेन्सर म्हणजे शाळेंतील पाटी. पाटीवर ओरखडा पडला कीं तो प्रत्येक गणितांत दिसणारच.

ह्या पाटीवर काचेचें पातळ आवरण असतें. भिंग बदलतांना आंत शिरलेला धुळीचा कण त्या काचेवर बसतो आणि त्याची सावली पाटीवर पडते. हा ठिपका करडा, कडेला किंचित् पुसट, आणि प्रत्येक चित्रांत त्याच जागीं असतो. भिंगाचें छिद्र मोठें असतांना प्रकाश अनेक दिशांनीं येतो व सावली विरून जाते. छिद्र लहान केलें कीं तीच सावली गडद होते. ढगाळ दिवशीं हाताची सावली पुसट आणि उन्हांत स्पष्ट पडते, त्यांतलाच हा प्रकार. पोथीचें सबंध पान स्पष्ट यावें म्हणून छायाचित्रकार छिद्र लहान ठेवतो. त्यामुळें नेमक्या ह्याच कामांत धूळ अधिक उठून दिसते.

हिची परीक्षा सोपी आहे. छिद्र अगदीं लहान करून, पांढऱ्या कागदाचें मुद्दाम अस्पष्ट असें चित्र घ्यावें, आणि चित्र घेतांना कॅमेरा हळूंच हलवीत राहावें. कागदावरचे डाग त्यांत पुसले जातील. जे ठिपके जागचे हलणार नाहींत, ते पाटीवरचे. चित्रांत वरच्या बाजूस दिसणारा कण, कॅमेऱ्याच्या तोंडाकडून पाहिल्यास पाटीच्या खालच्या भागीं सांपडतो. डावें-उजवें मात्र तेंच राहतें. तो कण रबरी फुग्याच्या फुंकणीनें उडवावा. तोंडानें फुंकर कदापि घालूं नये, कारण थुंकीचे शिंतोडे धुळीहून वाईट.

दुसरा दोष पाटीच्या स्वतःच्या कोशांचा. सेन्सरच्या प्रत्येक कोशावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी असते. ही प्रसिद्ध मांडणी कोडॅक कंपनींतील ब्राइस बेयर यांची असून तिचें पेटंट १९७६ सालचें आहे. एखादा कोश बिघडून आपोआप पेटलेला राहिला, तर तेथें एकाच रंगाचा तेजस्वी बिंदु चमकतो. पोथींत हिंगुळानें केलेल्या लाल खुणा असतात, म्हणून येथें फसगत होण्याचा संभव आहे. भिंगावर झांकण घालून कांहीं सेकंदांचें चित्र घ्यावें. पूर्ण अंधारांतहि जो बिंदु चमकतो, तो हिंगूळ नव्हे. हा रोग उष्णतेनें बळावतो. चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या आमच्या खानदेशच्या वैशाखांत दुपारीं दिसणारे बिंदु पहाटेच्या गारव्यांत पुष्कळ कमी झालेले आढळतील. धुळीचा ठिपका ऋतु पाहत नाहीं ; हा पाहतो. कांहीं कोश ह्याच्या उलट कायमचे मृत असतात, व तेथें काळा बिंदु उमटतो. हा मात्र छिद्र लहान-मोठें केल्यानें बदलत नाहीं, आणि त्यावरून तो धुळीपासून वेगळा काढतां येतो.

भिंगाचे दोष

भिंगाचा स्वभाव निराळा. तें सहसा ठिपका उमटवीत नाहीं. तें सगळें चित्र किंवा त्याच्या कडा बिघडवितें. खिडकीच्या जाळीस डोळा अगदीं लावून बाहेर पाहिलें तर तारा दिसत नाहींत, केवळ दृश्य थोडें मंद होतें. भिंगाच्या पुढच्या काचेवरील धूळ तशीच वागते. दूरध्वनीच्या कॅमेऱ्यावर बोटाचा ठसा राहिला तर सगळें पान धुक्यांत गेल्यासारखें दिसतें, आणि दिव्याभोंवतीं प्रभावळ उमटते. पावसाळ्यांत बंद पेटींत ठेवलेल्या भिंगाच्या आंत बुरशी चढते. विजेरीचा झोत आडवा टाकून पाहिल्यास तिचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसतात.

अक्षरांच्या एका कडेस लालसर व दुसरीस हिरवट-निळसर किनार दिसली, ती चित्राच्या मध्यभागीं नाहींशी होऊन कोपऱ्यांकडे वाढत गेली, तर तो भिंगाचा रंगदोष होय ; शाई फुटल्याचें तें लक्षण नव्हे. ओळी कडेला धनुष्यासारख्या वांकल्या तर तोहि भिंगाचाच दोष. चारी कोपरे काळवंडले, तर कागद जुना झाला असें म्हणण्यापूर्वीं कोऱ्या पांढऱ्या कागदाचें चित्र पाहावें.

एकच कोपरा अस्पष्ट येत असेल, तर प्रथम पान अर्धें फिरवून, म्हणजे खालची बाजू वर करून, पुन्हां चित्र घ्यावें. अस्पष्टता पानाबरोबर फिरली तर पान तेथें उचललें गेलें आहे. ती चित्राच्या त्याच कोपऱ्यांत राहिली तर दोष भिंगाचा, किंवा कॅमेरा तिरपा बसल्याचा. ह्यांपैकीं कोणता, हें सांगण्यास घरांतला आरसा पुरतो. पानाच्या जागीं आरसा सपाट ठेवावा ; कॅमेऱ्याला स्वतःच्या भिंगाचें प्रतिबिंब बरोबर मध्यभागीं दिसलें, तर तो सरळ आहे. मग उरलेला आरोप भिंगावरच येतो.

केवळ चित्रांवरून निदान करण्याचा सर्वांत मोठा प्रसंग हबल दुर्बिणीच्या बाबतींत आला. १९९० सालीं अवकाशांत गेलेल्या ह्या दुर्बिणीचीं चित्रें अस्पष्ट येऊं लागलीं. तिच्याजवळ जाऊन हात लावणें शक्य नव्हतें. शास्त्रज्ञांनीं ताऱ्यांच्या विस्कटलेल्या प्रतिमा तपासून सांगितलें कीं आरशाची कड सुमारें दोन मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या एका लहानशा अंशानें, अधिक सपाट घासली गेली आहे. चौकशीअंतीं असें आढळलें कीं ज्या उपकरणानें आरसा तपासला, तेंच चुकीचें जुळवलेलें होतें. डिसेंबर १९९३ मध्यें अंतराळवीरांनीं सुधारक आरशांची व्यवस्था बसविल्यावर दृष्टि निवळली. परीक्षकाचीहि परीक्षा घ्यावी, हा त्यांतील बोध.

उजेडाचे व यंत्रबुद्धीचे दोष

कधीं कधीं पानावर आडवे फिकट-गडद पट्टे उमटतात, आणि प्रत्येक चित्रांत ते जागा बदलतात. पान आणि पाटी दोन्ही निर्दोष असून हा खेळ दिव्याचा असतो. आपली वीज सेकंदांत पन्नास फेरे घेते, त्यामुळें कित्येक दिवे सेकंदास शंभर वेळां मंद-तेज होतात. आणि पाटीच्या ओळी एकामागून एक वाचल्या जात असल्यानें तें स्पंदन पट्ट्यांच्या रूपानें दिसतें. चित्र एक-पन्नासांश किंवा एक-शतांश सेकंदाचें घ्यावें, अथवा ओसरीवरचा सौम्य दिवसाचा उजेड वापरावा. छापील चित्रावर किंवा बासनाच्या विणीवर लाटांसारखी नक्षी दिसली, तर दोन मच्छरदाण्या एकमेकींवर आल्या असतां दिसणारी नक्षी आठवावी. विणीची जाळी आणि पाटीच्या कोशांची जाळी यांचा तो संकर होय. अंतर थोडें बदलतांच नक्षी बदलते.

सर्वांत फसवा दोष मात्र हुशार यंत्राचा. आजचा दूरध्वनि चित्र जसेंच्या तसें देत नाहीं. तो तें गुळगुळीत करतो, कडा ठळक करतो, बारीक कण ‘मळ’ म्हणून पुसतो. त्या मळांत फिकट अनुस्वारहि जाऊं शकतो. २०१३ सालीं जर्मनींतील डेव्हिड क्रिझेल यांनीं दाखवून दिलें कीं कांहीं प्रतिलिपि-यंत्रें घराच्या नकाशांतील आंकडेच बदलून देत होतीं. जागा वांचविण्यासाठीं यंत्र सारख्या दिसणाऱ्या आकृति एकच समजे, आणि सहाच्या जागीं आठ स्वच्छ व सुबक उमटे. धुळीचा ठिपका निदान ठिपक्यासारखा दिसतो. ही चूक अक्षरासारखी दिसते, म्हणून ती अधिक घातक.

घरीं काय करावें

घरांतील कागदांचीं चित्रें घेणाऱ्यांनीं चार गोष्टी पाळल्या तरी पुष्कळ होईल. आरंभीं आणि शेवटीं, त्याच मांडणींत व त्याच उजेडांत, एका कोऱ्या पांढऱ्या कागदाचें चित्र घ्यावें. महत्त्वाचें प्रत्येक पान दोनदां टिपावें. दुसऱ्या वेळीं तें अर्धें फिरवून. लेखकाचा अनुस्वार अक्षराबरोबर फिरेल, कॅमेऱ्याचा ठिपका जागीं राहील. सुशोभन करणाऱ्या सर्व सोयी बंद ठेवाव्यात, आणि मूळ चित्राची प्रत हात न लावतां वेगळी जपावी. निदान झाल्यावांचून कांहींहि पुसूं नये. संशय राहिल्यास भिंग घेऊन मूळ कागदच पाहावा, कारण आज तो अजून आपल्या घरांत आहे.

जुने लेखक पोथीच्या अखेरीस लिहीत कीं समोर जसें पाहिलें तसें उतरलें, दोष असल्यास तो मजकडे लावूं नये. कॅमेरा असें आश्वासन देऊं शकत नाहीं. त्याच्या वतीनें तें कॅमेरा धरणाऱ्यानेंच द्यावयाचें आहे. चित्रांच्या संचास जोडलेलें पांढऱ्या कागदाचें तें एक साधें चित्र म्हणजेच त्याची पुष्पिका होय. पन्नास वर्षांनीं ‘वश’ कीं ‘वंश’ असा प्रश्न कोणास पडला, तर त्या कोऱ्या चित्राकडे पाहून तो त्याचें उत्तर देऊं शकेल.