माळावर गवत राहिले तरच दुकानात माल राहील

मुलुंडच्या बाजारातील मटणाच्या दुकानाचा दिवस देवनारपासून सुरू होतो. १९७१ सालापासून चालू असलेल्या तेथील कत्तलखान्याच्या बाजारात धाराशिव, सोलापूर, अहिल्यानगरकडची जनावरे येतात, राजस्थानचीही येतात. भाव चढला की आपण दलालाला व गाडीभाड्याला दोष देतो. पण भावाचे मूळ घाटापलीकडच्या माळरानात आहे.

सह्याद्रीच्या पूर्वेकडील या पट्ट्यात वर्षाला जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. उस्मानाबादी शेळी काटेरी झुडपांचा पाला खाऊन तेथे तग धरते आणि बरेचदा जुळी करडे देते. धनगर बांधव दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात व पावसाच्या तोंडावर परततात. त्यामुळे कोरड्या दिवसांत माळावरचा भार हलका होतो. वाटेत शेतात मेंढ्या बसवल्या की शेतकऱ्याला लेंडीखत मिळते.

आता माळ आक्रसत चालले आहेत. उरलेल्या जागेवर गवताला वाढू न देता चराई होते. दुष्काळ पडला की पालक गाभण शेळीसुद्धा मिळेल त्या भावाने विकतो. पुढच्या वर्षी करडे नसतात, मग भाव भडकतो. उपाशी जनावराचे कातडे पातळ निघते, म्हणजे चामड्याच्या कारागिराचेही नुकसानच.

यावर काही गावांनी चराईबंदी केली. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारात गवत कापून आणून जनावरांना घालतात. मात्र सरसकट बंदीने ज्याच्याकडे चारच शेळ्या आहेत तो आधी मरतो. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीत १९९६ साली पाणलोटाचे काम सुरू झाले, तेव्हा मेंढपाळांनी हीच हरकत घेतली. शेवटी सगळी जमीन एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले.

आपल्या इतिहासात याचा दाखला आहे. मदिनेजवळ राखीव कुरणे असत, त्यांना 'हिमा' म्हणत. हजरत उमर (रजि.) यांनी कुरणाच्या रखवालदाराला ताकीद दिली होती की, थोडी जनावरे असलेल्या गरिबाला आत येऊ द्यावे; श्रीमंतांच्या कळपांना अडवले तरी चालेल, कारण त्यांना खजुरीच्या बागांचा व शेतीचा आधार आहे. कुरण राखावे, पण गरिबाचे पोट मारून नव्हे, हा त्यातला धडा.

व्यापारी बांधवांच्या हाती यात तीन गोष्टी आहेत. गाभण शेळी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. ओळखीच्या पालकाशी मुदारबाच्या रीतीने भागीदारी करावी: भांडवल आपले, मेहनत त्याची, नफा आधी ठरलेल्या वाट्याने, त्याच्या कसुरीशिवाय भांडवल बुडाले तर तोटा आपला. व्याज नाही, आणि उन्हाळ्यात चाऱ्याला पैसा असल्याने त्याला घाईने जनावर विकावे लागत नाही. तिसरे, कुरण पाळीपाळीने चारणाऱ्या गावाचा माल चार पैसे जास्त देऊन घ्यावा.

बकरी ईदच्या आधी देवनारला गर्दी होईलच. तेथे जनावराचे दात बघताना ते कोणत्या माळावर चरले, हेही विचारावे. तो माळ टिकला, तर पुढच्या ईदला माल मिळेल.