इंजिन खोलले जाते तेव्हा

रेल्वेचे विद्युत इंजिन तीस-पस्तीस वर्षे सेवेत असते. ते नवे म्हणून एकदाच बाहेर पडते, पण त्यानंतरच्या आयुष्यात ठरावीक वर्षांनी पूर्ण खोलले जाते, तपासले जाते आणि पुन्हा जोडले जाते. या मोठ्या दुरुस्तीला पीरिऑडिकल ओव्हरहॉल म्हणतात. खलाशापासून अधिकाऱ्यापर्यंत सगळे तिला ‘पीओएच’ म्हणूनच ओळखतात. नेहमीची देखभाल लोकोशेडमध्ये होते. तिथे इंजिन पिट लाइनवर उभे राहते, ब्रेक ब्लॉक बदलले जातात, तारेतून वीज घेणाऱ्या पेंटोग्राफच्या कार्बन पट्ट्या पाहिल्या जातात आणि इंजिन पुन्हा गाडीला लागते. पीओएचसाठी वर्कशॉप लागते, तिथली क्रेन लागते आणि एकेका भागाचा जाणकार असलेला कारागीर लागतो.

जालना जिल्ह्यातील आपल्या भोकरदन तालुक्यातून अद्याप रेल्वे जात नाही. पण अजिंठ्याचा डोंगर उतरून खानदेशात गेले, की असे एक मोठे वर्कशॉप भुसावळला आहे. मध्य रेल्वेचे हे विद्युत इंजिन वर्कशॉप 1974 मध्ये सुरू झाले. मुंबईकडून येणाऱ्या मार्गाचे विद्युतीकरण भुसावळपर्यंत पोहोचले होते, इंजिनांची संख्या वाढत होती आणि त्यांच्या मोठ्या दुरुस्तीची सोय मार्गालगतच हवी होती. वाफेच्या इंजिनांच्या काळापासून लोकोशेडसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात कुशल हात आधीपासून होते.

वर्कशॉपमध्ये आलेल्या इंजिनाच्या वीजजोडण्या आणि हवेचे पाइप आधी सोडवले जातात. मग क्रेन इंजिनाचा सांगाडा उचलते आणि खाली दोन बोगी उरतात. प्रवासी सबंध डब्याला बोगी म्हणतात. वर्कशॉपमध्ये बोगी म्हणजे चाके, आस, स्प्रिंगा आणि मोटरी ज्यात बसवलेल्या असतात ती चौकट. डब्ल्यूएजी-7 किंवा डब्ल्यूएजी-9 या मालवाहू इंजिनांना सहा आस असतात आणि प्रत्येक आसावर स्वतंत्र ट्रॅक्शन मोटर. चौकट धुऊन स्वच्छ केली, की तिच्या वेल्डिंगच्या जोडांवर तडे शोधले जातात. डोळ्यांना न दिसणारा तडा पकडण्यासाठी रंगीत द्रव किंवा चुंबकीय कण वापरतात.

सर्वांत कष्टाचे काम मोटरींचे. उष्णता, धूळ आणि ओल यांनी तांब्याच्या गुंडाळीवरील विद्युतरोधक आवरण कमजोर होते. मोटर उघडून, धुऊन, भट्टीत वाळवली जाते आणि वार्निशचा नवा थर देऊन पुन्हा तापवली जाते. गुंडाळीच खराब असेल तर ती नव्याने भरावी लागते. याच कामासाठी नाशिक रोडजवळ एकलहरे येथे मध्य रेल्वेचे स्वतंत्र ट्रॅक्शन मशीन वर्कशॉप आहे. ट्रान्सफॉर्मरमधील तेल गाळून त्यातील पाण्याचा अंश काढतात आणि ते किती व्होल्टपर्यंत टिकते याची चाचणी घेतात. तेलात थोडेसे पाणी राहिले तरी ऐन घाटात इंजिन बंद पडू शकते.

चाकाचे गणित मिलिमीटरमध्ये चालते. इंजिनाच्या नव्या चाकाचा व्यास 1,092 मिलिमीटर असतो. झिजलेले चाक लेथवर कापून पुन्हा योग्य आकारात आणतात. असे करता करता व्यास 1,016 मिलिमीटरवर आला, की ते चाक बाद होते. एकाच इंजिनाच्या चाकांच्या व्यासांत फरक राहिला, तर मोटरींवर असमान भार पडतो. म्हणून चाके जुळवून बसवावी लागतात. सगळे जोडून झाल्यावर आधी उभ्या इंजिनाची चाचणी होते, मग ते गाडीविना धावते आणि त्यानंतरच शेडकडे परत जाते.

मालगाडीच्या वाघिणींचे काम दिसायला सोपे. त्यांना मोटर नाही, ट्रान्सफॉर्मर नाही. पण सिमेंट, कोळसा, खत वाहणाऱ्या वाघिणीची हेळसांड इंजिनापेक्षा जास्त होते. कोळशाच्या ‘बॉक्सएन’ वाघिणीवर सुमारे 58 टन माल लादला जातो आणि उतरवताना तिच्या पत्र्यावर यंत्रांचे आघात होतात. वाघिणीच्या प्रकारानुसार दीड-दोन वर्षांनी डेपोत एक दुरुस्ती आणि साडेचार ते सहा वर्षांनी वर्कशॉपमध्ये पीओएच, असा साधारण क्रम असतो. गंजलेला पत्रा कापून नवा लावणे हे त्यातले डोळ्यांना दिसणारे काम. खरे महत्त्व आहे ते आस, बेअरिंग, कपलर आणि हवेच्या ब्रेकला. आसाच्या टोकाला यंत्र लावून त्यात ध्वनिलहरी सोडतात. आत तडा असेल तर लहर तिथून परत फिरते आणि पडद्यावर खूण उमटते.

ही तपासणी किती मोलाची आहे, हे इटलीतील व्हियारेज्जो शहराने पाहिले. 29 जून 2009 च्या रात्री द्रवरूप गॅस वाहणाऱ्या मालगाडीच्या एका टाकी-वाघिणीचा आस तुटला. वाघिणी रुळांवरून घसरल्या, गॅस शेजारच्या वस्तीत पसरून पेटला आणि 32 माणसे मेली. गंजाच्या जागी सुरू झालेला तडा हळूहळू वाढत गेला होता. पुढे युरोपात प्रत्येक मालवाघिणीच्या देखभालीची जबाबदारी प्रमाणपत्र मिळालेल्या एका ठरावीक संस्थेवर असावी, असा नियम लागू झाला. ध्वनिलहरींच्या यंत्रापाशी बसलेल्या तपासनिसाचे काम चालकाइतकेच जबाबदारीचे आहे, आणि त्याला पुरेसा वेळ व शांतता मिळालीच पाहिजे.

महाराष्ट्रात या कारागिरीला दीर्घ इतिहास आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेचे परळ वर्कशॉप 1879 चे, डब्यांसाठीचे माटुंगा वर्कशॉप 1915 चे. मराठवाड्याच्या दृष्टीने कुर्डुवाडीची कथा अधिक जवळची. अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभारलेल्या बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी 1897 मध्ये सुरू झाली आणि 1911 मध्ये लातूरला पोहोचली. तिची इंजिने आणि डबे कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्त होत. छोटी गाडी संपल्यावर वर्कशॉपचे प्रयोजनच संपण्याची वेळ होती, पण ब्रॉडगेज वाघिणींचे काम तिथे आणले गेले. एक वर्कशॉप बंद करणे सोपे असते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले कसब पुन्हा उभे करणे फार कठीण. तो निर्णय योग्यच होता. अलीकडे विदर्भात बडनेऱ्यालाही वाघिणींच्या दुरुस्तीचा नवा कारखाना उभा राहिला आहे.

आतापर्यंत ही कामे प्रामुख्याने रेल्वे स्वतः करीत आली. आता इंजिन बनवणाऱ्या कंपन्याही त्यात आल्या आहेत. बिहारमधील मधेपुरा येथे अल्स्टॉमच्या भागीदारीत तयार होणाऱ्या 12,000 अश्वशक्तीच्या इंजिनांसाठी सहारनपूर आणि नागपूर येथे देखभाल डेपो उभारले गेले. सीमेन्सशी 2023 मध्ये झालेल्या करारात 9,000 अश्वशक्तीची 1,200 इंजिने आणि त्यांची 35 वर्षांची देखभाल आहे. त्यासाठी ठरवलेल्या चार डेपोंपैकी एक पुण्याचा. इंजिन बनवणाऱ्यालाच ते सांभाळायला लावले, की सुटा भाग सहज बदलता यावा याचा विचार आराखड्यातच होतो. मात्र ते ज्ञान कंपनीपुरते राहू नये. त्यासाठी रेल्वेच्या कामगारांना या डेपोंत शिकायला मिळाले पाहिजे.

जालना आता विद्युतीकृत मार्गावर आहे. मुंबईची वंदे भारत गाडी डिसेंबर 2023 मध्ये तिथून सुरू झाली. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 174 किलोमीटरच्या जालना–जळगाव मार्गाला मंजुरी दिली. सुमारे 7,100 कोटी रुपयांचा हा नियोजित मार्ग भोकरदन, सिल्लोड, अजिंठा या पट्ट्यातून जातो. पण तालुक्यातील मुलांना रुळांची वाट पाहत थांबण्याची गरज नाही. मध्य रेल्वेच्या ॲप्रेंटिस भरतीत भुसावळ विभागाच्या गटात तिथले इंजिन वर्कशॉप, लोकोशेड, मनमाडचे अभियांत्रिकी वर्कशॉप आणि नाशिक रोडचे ट्रॅक्शन मशीन वर्कशॉप येतात. दहावीला किमान 50 टक्के गुण आणि फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट अशा ट्रेडचे आयटीआय प्रमाणपत्र असले, की अर्ज करता येतो. निवड गुणांवर होते, वेगळी लेखी परीक्षा नसते. आयटीआय झालेल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या शिक्षकांनी या जाहिरातीकडे दरवर्षी लक्ष ठेवावे.