थंड प्रदेश नव्हे, थंड हंगाम

हिवाळ्यात निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला, की द्राक्षबागांतल्या शेकोट्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. थंडीने खाण्याच्या द्राक्षाचे मणी तडकतात. त्याच जिल्ह्यातल्या वाइनच्या द्राक्षांना मात्र रात्रीचा गारवा हवाच असतो. एकाच पिकाचे थंडीशी असे दुहेरी नाते का, हे शोधता शोधता मी लाल वाइनच्या साऱ्या प्रक्रियेपर्यंत पोहोचलो.

वाइनचे बहुतेक नामांकित प्रदेश ३० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यात आहेत. मी राहतो ते केडगाव १९ अंशांवर आणि नाशिक २० अंशांवर. नकाशा पाहिला तर इथे चांगली लाल वाइन होऊच नये. तरी दिंडोरीची शिराझ बाटलीत भरली जाते, ती दोन छाटण्यांमुळे.

फ्रान्समधल्या बर्गंडीसारख्या थंड प्रदेशात द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून निजते, वसंतात फुटते आणि सप्टेंबरच्या सुमारास तोडणीला येते. आपल्याकडे तिला तशी गाढ झोप मिळत नाही. म्हणून एप्रिलच्या आसपास खरड छाटणी करतात. तिच्यानंतर वाढणाऱ्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या घडांची घडण होते. पावसाळ्यात फळ धरले, तर डाऊनी आणि इतर बुरशीजन्य रोग ते राहू देत नाहीत. म्हणून पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. मग घड हिवाळ्यात भरतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये उतरतो.

दिवसाच्या उन्हात मण्यात साखर भरते. उष्ण रात्री मणी आपल्यातले मॅलिक आम्ल श्वसनात खर्चून टाकतो, तर गार रात्री ते टिकते आणि सालीला रंगही चांगला चढतो. मात्र एक मोठा फरक राहतोच. बर्गंडीत फळ पिकताना ऋतू थंडीकडे सरकतो, आपल्याकडे उन्हाळ्याकडे. तिथे साखर पुरेल का ही चिंता असते, म्हणून रसात मर्यादित साखर घालण्याची कायद्याने मुभा आहे. इथे चिंता आम्लाची. ते कमी पडले तर टार्टारिक आम्ल घालतात.

तोडणी पहाटेच्या गारव्यात होते. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस बिनरंगी असतो, रंग सालीत असतो. म्हणून देठ काढून रस सालीसकट आंबवतात. वर तरंगणारा सालींचा थर दिवसातून दोन-तीनदा रसात बुडवतात. हे आठवडा-दोन आठवडे, साधारण २५ ते ३० अंशांवर चालते. मग साली दाबून वेगळ्या करतात. पुढे जिवाणू मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल करतात. काही वाइन ओकच्या पिंपात मुरते आणि शेवटी सल्फर डायऑक्साइडची अल्प मात्रा देऊन बाटलीत जाते. तोवर बाहेर उन्हाळा तापलेला असतो. टाक्यांभोवती थंड द्रव खेळवावा लागतो. बागेला लागणारी थंडी हिवाळा देतो, वायनरीतली विजेच्या बिलातून येते.

तेव्हा आपली लाल वाइन थंड प्रदेशाची नाही, थंड हंगामाची आहे. आणि हंगाम बेभरवशाचा. परतीचा पाऊस लांबला तर छाटणी लांबते आणि घड मार्चच्या उन्हात सापडतो. घाई केली तर कोवळ्या फुटीवर डाऊनी येतो. बागायतदाराच्या हाती मोजक्या आठवड्यांची निवड उरते. त्यातून वाइनचे बारीक मण्याचे, बियांचे द्राक्ष बाजारात खायला कोणी घेत नाही. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणल्यावर या बागा वाढल्या. २००८ नंतरच्या मंदीत मागणी घटली, तेव्हा नाशिक जिल्ह्यात अनेकांनी त्या उपटून टाकल्या. वाइनची चव सांगताना आपण माती आणि पिंपांबद्दल भरभरून बोलतो. छाटणीची तारीख ठरवणाऱ्याची जोखीम त्या वर्णनात सहसा येत नाही.