टसरचा पोत आणि रेशमाची प्रतवारी

टसर हाताला किंचित खरखरीत लागते, तुतीच्या रेशमासारखे निसटत नाही, म्हणून त्याला दुय्यम ठरवण्याची आपल्याकडे सवय आहे. ही प्रतवारी चुकीची आहे, कारण तिची मोजपट्टी पाळीव अळीच्या रेशमावरून घेतलेली आहे. तुतीवरची अळी हजारो वर्षे माणसाच्या आश्रयाने वाढते आहे. तिच्या पतंगाला आता उडताही येत नाही. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या सहज उलगडणारे कोष निवडले, त्याचे फळ म्हणजे तो तलम, एकसारखा धागा. टसरची अळी मात्र भंडारा-गडचिरोलीच्या रानात ऐन आणि अर्जुनाच्या पाल्यावर उघड्यावर वाढते. ढिवर समाजातली कुटुंबे पक्षी आणि मुंग्यांपासून तिची राखण करतात. हंगामातल्या शेवटच्या पिढीचा कोष चिवट देठाने फांदीला लटकत हिवाळा आणि उन्हाळा काढतो. आतला जीव पावसाळ्यापर्यंत तगायचा, तर कोषाची भिंत टणक हवीच!

धाग्यातही हाच फरक दिसतो. दोन्हींचा गाभा फायब्रॉइन या प्रथिनाचा, पण तुतीच्या रेशमात ग्लायसीन आणि ॲलानीन आलटून पालटून येतात, तर टसरमध्ये ॲलानीनच्या सलग माळा असतात. तुतीचा तंतू बारीक, त्रिकोणी छेदाचा, म्हणून लखलखतो. टसरचा जाड आणि चपटा, म्हणून त्याची चमक मंद. टसर तुटण्याआधी जास्त ताणले जाते. शिवाय त्याच्या फायब्रॉइनमध्ये पेशींना धरून ठेवणारा एक अमिनो आम्लांचा क्रम असतो, जो तुतीच्या रेशमात नाही. त्यामुळे ऊतींच्या दुरुस्तीसाठी सांगाडा म्हणून त्याचा अभ्यास होतो आहे.

टसरचा कोष उलगडायला कठीण, तो अल्कलीत शिजवावा लागतो, आणि धागा असमान निघतो, हा आक्षेप खराच आहे. पैठणीसारखी झळाळी हवी असेल तर टसर घेऊ नये. पण विदर्भातल्या करवतकाठी साडीला, उशीच्या अभ्र्याला किंवा पडद्याला हाच जाड पोत अंग आणि ठाशीवपणा देतो. प्रथिन असल्याने ऊन मात्र त्यालाही सोसत नाही. पडद्याला सुती अस्तर लावावे. डाग घालवण्यासाठी ज्या पावडरीत प्रथिन तोडणारी विकरे असतात, तिने रेशीम कधीच धुऊ नये. विकराला डाग आणि कापड यांतला फरक कळत नाही. ते दोन्हींवर सारखेच काम करते.